पाट मांडला

मुकुंद तायशेटेला दुपारी झोपायची सवय नाही. दुपारी झोपणाऱ्या साहेबांची त्याने आजवर टिंगलच केलेली आहे. पण आज ताट अर्धं तसंच सोडून तो "डोकं चढलंय, जरा पडतो" असं म्हणतो आणि वनखात्याच्या विश्रामगृहाच्या आतल्या खोलीत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवा होतो. डोकंबिकं काही चढलेलं नाही. त्याला फक्त टेबलाकडे पाठ करायची आहे. टेबलावर वॉकीटॉकी आहे, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेला आहे.

वर पंखा करकरतो. मुकुंद डोळे मिटून उद्याचं भाषण घोळवायला लागतो. उद्या मंत्री येणार आहेत. घाटावरची तीन आणि तळकोकणातली दोन अशा पाच अभयारण्यांचं मिळून एक समन्वय केंद्र इथे, घाटाच्या पायथ्याशी, सुरू होणार आहे, आणि त्याचा प्रमुख म्हणून मुकुंदच्या डोक्यावर फेटा बांधला जाणार आहे. 'समन्वय म्हणजे' इथपर्यंत भाषण नीट येतं. पुढे येत नाही. समन्वय म्हणजे. समन्वय. पंखाही तेच म्हणायला लागतो, आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की त्याचं जे होतं तेच याचं होतं, नुसता चोथा उरतो.

खरं तर भाषण अडलेलं नाही, सकाळची गोष्ट अडली आहे. सकाळी घाटावरून वनक्षेत्रपाल, म्हणजे आरएफओ, धनवडेचा आवाज आला होता. "पाव्हणा निघालाय, सर. करमळीच्या घाटानं खाली. घेताय न्हवं? ओव्हर."

पाव्हणा म्हणजे हत्ती. चांगला सुळेवाला, एकटा हिंडणारा. या पाच अभयारण्यांत गेली कित्येक वर्षं वायरलेसवर हाच शब्द चालतो. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत हत्ती निघाला की मागच्यांनी सांगायचं, 'पाव्हणा निघालाय', आणि पुढच्यांनी उत्तर द्यायचं, 'पाट मांडला'. पाट मांडला म्हटलं की त्या घटकेपासून हत्ती तुमचा. त्याने मोडलेल्या केळी तुमच्या, लोकांच्या शिव्या तुमच्या, आणि वाड्यांवर जाऊन माणसांना सावध करायचं कामही तुमचं. उत्तर येईपर्यंत तो मागच्यांचा, अशी रीत आहे.

सकाळी मुकुंदने सेट हातात घेतला, अंगठा बोलायच्या बटणावर नेला, आणि ते न दाबता वरचं गोल बटण उलटं फिरवलं. टिक असा बारीक आवाज झाला. मंत्र्यांच्या कार्यालयाला त्याने कालच कळवलं होतं की हत्ती घाटावर आहे, कार्यक्रमाला काही अडचण नाही. आता हत्ती खाली आला म्हणायचं तर बागांचं नुकसान, मोर्चा, घोषणा, सगळं नेमकं मांडवाच्या दारात. एक दिवस, फक्त एक दिवस हत्ती वरच्यांच्या नावावर राहिला म्हणून काय आभाळ कोसळणार होतं? "कोणी विचारलं तर सांग, इथे रेंज नाही," असं तो सगुणला म्हणाला.

सगुण परब हा विश्रामगृहाचा खानसामा. घर करमळवाडीत, म्हणजे घाट जिथे संपतो तिथेच. जेवण वाढताना त्याने सहज विचारलं होतं, "सायबानूं, हत्ती वयरच आसा मां? सून काजूच्या बागेत गेली हा, म्हणान इचारलंय."

"वरच आहे," मुकुंद म्हणाला होता. त्यानंतर घास खाली उतरेना.

उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब पुष्कळ असतात. पाच अभयारण्यांचा हा होऊ घातलेला प्रमुख खाटेवरून हत्ती हाकतो आहे. हे त्यालाही कळतं, आणि कळतं म्हणूनच तो डोळे आणखी घट्ट मिटतो. मिटल्या डोळ्यांनाही भिंतीच्या चुन्यातला तडा दिसत राहतो. तडा बघता बघता ओलावतो आणि ओढ्यासारखा वाहायला लागतो.

खाट पायाकडून दबते. कोणीतरी बसलं आहे.

"सरक की जरा. किती पसरलाईस?"

मुकुंद पाय आखडून घेतो. खाकी शर्ट, नाकात चमकी, केस नुकतेच न्हाल्यासारखे ओले, पाय अनवाणी. विजयमाला खानविलकर. घाटावरच्या अभयारण्याच्या त्या एकेकाळच्या साहेब, कागदावर मॅडम, पण पाचही अभयारण्यांत शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांच्या आक्का. पाव्हण्याची आणि पाटाची रीत त्यांनीच सगळ्यांच्या मागे लागून लागून रुजवली. साहेब बसलेल्या असताना आपण आडवे कसे, म्हणून मुकुंद घाईघाईने उठून बसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की गेल्या आषाढात आपण यांना पोहोचवायला पंचगंगेवर गेलो होतो.

"आक्का, तुम्ही तर..."

"व्हय, गेलो. म्हणून काय यायचंच न्हाई व्हय?"

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आक्का मरणाबद्दलही तसंच बोलतात, बाजाराला जाऊन आल्यासारखं. मुकुंदला त्या बोलण्याने इतकं बरं वाटतं की तो विचारतो, "चहा सांगू?"

"नगं. सेट कुठाय तुझा?"

उत्तर त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. "इथे रेंज नाही, आक्का."

आक्का त्याच्याकडे बघत राहतात. त्यांच्या केसांतलं पाणी खाटेच्या पट्टीवर टपटपतं.

"मी कुठनं आलोय ठावं हाय न्हवं तुला?" त्या म्हणतात. "तिथनं लागली रेंज. आन तुझ्या टेबलावर लागंना?"

मुकुंदचे कान तापतात. मेलेल्या माणसाशी खोटं बोलायचं आणि तेही पकडलं जायचं, याहून खाली माणूस जाऊ शकत नाही असं त्याला वाटतं. पण अजून बरंच खाली जायचं आहे.

"चल," आक्का उठतात. "पंगत खोळंबलीया."

खोलीचं दार उघडलं की पडवी लागते हे मुकुंदला पक्कं माहीत आहे. आज दार उघडतं ते थेट करमळीच्या घाटात. तांबड्या मातीची वाट, दोन्ही अंगांना कारवी, आक्का पुढे आणि तो मागे. वाट उतरणीची आहे, पण धाप चढणीची लागते. वर कुठेतरी फटाके वाजतात. लगेच खालूनही वाजतात.

"आठवतंय?" आक्का विचारतात.

आठवतं. रीत नव्हती तेव्हाचे हे फटाके. वरचे लोक हत्तीला खाली पिटाळायचे आणि खालचे वर, आणि दोघांनाही वाटायचं की आपण आपलं जंगल राखलं. एकदा तर दोन्हीकडून एकाच वेळी हाकारा झाला आणि हत्ती दिवसभर याच वाटेवर अडकून पडला. दोन्ही कचेऱ्यांनी त्या दिवशी वर कळवलं की हत्तीला यशस्वीरीत्या हद्दीबाहेर घालवलं आहे. खोटं कोणीच बोललं नव्हतं, कारण हत्ती खरोखर कोणाच्याच हद्दीत नव्हता.

वळणावरच्या झाडाला उंचावर हत्तीने अंग घासल्याचा ओला चिखल लागलेला आहे. आक्का टाचा उंचावून त्यावर तळहात ठेवतात.

"त्या दिशी हितं उभा हुता. थरथर कापत हुतं एवढं मोठं जनावर. त्याला काय ठावं, ह्यो जिल्हा कुठला आन त्यो कुठला."

"त्यानंतर तसं कधी झालं नाही, आक्का."

"न्हाई झालं. आजपतोर."

वळण संपतं आणि मांडव लागतो. उद्याचाच मांडव, तीच झालर, तेच कापड, पण खुर्च्यांच्या जागी पंगत बसलेली आहे. पाचही अभयारण्यांचे साहेब पानांसमोर मांड्या घालून बसलेत, बुटांसकट. मधोमध एक पाट रिकामा आहे, पितळी फुलं ठोकलेला. प्रत्येक जण तो पाट बुटाच्या टोकाने शेजाऱ्याकडे सारतो आहे.

"तुमच्या ओळीत येतो हा."

"छे छे, आमची हद्द त्या खांबापर्यंत."

"आपण पत्र पाठवा ना, सकारात्मक विचार करू."

सगळे अगदी गोड बोलताहेत. पाट सरकत सरकत मुकुंदपाशी येतो. मुकुंदच्या डोक्यावर कोणीतरी फेटा बांधलेला आहे, आणि तो इतका मोठा आहे की दोन्ही कानांवर उतरला आहे. बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येतं. मुकुंदलाही वाटतं की पाय पुढे करावा आणि पाट पुढे सारावा. नुसतं वाटत नाही, त्याचा पाय पुढे जातोसुद्धा.

पाटाशी आक्का उकिडव्या बसलेल्या आहेत. चिमटीतून रांगोळी सोडत त्या पाटाभोवती महिरप घालताहेत. त्यांनी त्याचा पाय बघितला आहे. त्या नुसती त्या बाजूची रेघ घालायची थांबवतात. मुकुंद पाय मागे घेतो, आणि मागे घेतानाही त्याला वाटतं, बघितला नसता तर?

"दारात बघ," आक्का म्हणतात.

मांडवाच्या दारात पाव्हणा उभा आहे. त्याचं तोंड दिसत नाही, ते झालरीच्या वर कुठेतरी आहे. दिसतात ते तांबड्या धुळीने माखलेले पाय, आणि कान हलल्याचा वारा आत येतो. तो मात्र आत येत नाही. लग्नघरी आमंत्रणाशिवाय आलेला लांबचा नातेवाईक कोणी 'या' म्हणेल म्हणून दारात थबकतो, तसा तो थांबला आहे.

"बोल की," आक्का म्हणतात. "लई मोठं न्हाई बोलायचं."

मुकुंद तोंड उघडतो. त्याला म्हणायचं आहे, पाट मांडला. तोंडातून येतं, "समन्वय."

पंगत टाळ्या वाजवते.

तो घसा खाकरून पुन्हा प्रयत्न करतो. "प्रादेशिक समन्वय." टाळ्या वाढतात. कोणीतरी "वा, वा" म्हणतं. तो शब्द आता तोंडभर झाला आहे, गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

"एवढा मोठा शब्द तोंडात कोंबल्यावर बारका कुठनं भाईर निघायचा?" आक्का म्हणतात.

मांडवाचे खांब काजूची झाडं झालेले आहेत. कधी झाले ते कळलं नाही. दुपारची विरळ सावली, पिकल्या बोंडांचा आंबूस वास. बायका वाकून बोंडं वेचताहेत, बी मुरगाळून सुटी करताहेत आणि टोपलीत टाकताहेत. सगळ्यांच्या पाठी दाराकडे आहेत. त्यांतली एक ओळखीची आहे, सगुणची सून. वेचता वेचता ती एकेक पाऊल मागे सरकते आहे, त्या धुळीने माखलेल्या पायांच्या दिशेने. बी सुटी होताना टिक असा आवाज येतो. सेट बंद केला तेव्हा आला होता तोच. पुन्हा टिक. पुन्हा टिक.

ती वळून बघते. तिच्या तोंडावर भीती नाही. सासऱ्याच्या साहेबांकडे बघावं तसं अदबीने बघत ती विचारते, "सायबानूं, हत्ती वयरच आसा मां?"

समन्वय जिभेवरून एकदम नाहीसा होतो. त्याच्या जागी दुसरे शब्द येऊन बसतात, तयार, सकाळचेच. वरच आहे. आपण ते आता म्हणणार हे मुकुंदला कळतं, आणि तो दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं त्याने आजवर नुसतं ऐकलं होतं. शेजारी बसलेली खरोखरची मेलेली बाई मात्र चांगली ताठ आहे आणि त्याच्याकडे सरळ बघते आहे.

"आक्का, तुम्ही सांगा तिला," तो बोटांच्या फटीतून म्हणतो.

"मी का सांगू? शब्द तुझा हाय."

"माझा कुठला? रीत तुमची."

"इसरलास व्हय?"

काजूची बाग नाही. विश्रामगृहाची पडवी आहे, पण जुनी, कौलं बदलायच्या आधीची. मुकुंदच्या अंगात नवा कोरा गणवेश आहे, खांद्यात ढगळ. टेबलावर जुना अवजड सेट आहे आणि त्यातून आक्कांचा आवाज येतो आहे, आक्का इथे त्याच्या शेजारी उभ्या असूनही. त्या आवाजात वैताग आहे आणि थट्टाही.

"पाव्हणा निघालाय खाली. घेतंय काय कोण? ओव्हर."

सगळ्या चौक्या गप्प. मुरलेले साहेब अशा वेळी कधीच उत्तर देत नसत. उत्तर द्यायचं नसतं, हे नव्या आरएफओला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि तेवढ्यात एक कोवळा, उत्साही आवाज येतो, "येऊ द्या, मॅडम. पाट मांडला."

तो आवाज मुकुंदचाच आहे.

त्याला वाटलं होतं, घाटावरून खरंच कोणी पाहुणा येतोय. मोठे साहेब असतील, बाईसाहेब प्रेमाने पाव्हणा म्हणताहेत, तर आपणही घरच्यासारखं बोलावं. नुसतं बोलला नाही, त्याने सगुणला कोंबडी-वडे करायला सांगितले, पडवीत खराखुरा पाट मांडला आणि भोवती जमेल तशी वाकडीतिकडी रांगोळीही घातली. आणि मग आला हत्ती.

सेटमधल्या तेव्हाच्या आक्का आणि शेजारच्या आक्का दोघी एकदमच हसतात. सेटमधून हसण्याचा खरखराट येतो. पाच अभयारण्यं त्या दिवशी पोट धरून हसली होती.

"हत्ती आहे हे मला माहीतच नव्हतं, आक्का," मुकुंद म्हणतो. "माणूस येतोय असं वाटलं होतं."

"म्हणून तर," आक्का म्हणतात, आणि आता त्या हसत नाहीत. "माणूस समजून पाट मांडलास. आन हत्ती हाय कळल्यावर काढला न्हाईस. परात बडवत वाडी वाडी पळलास, अनवाणी. मी वरनं ऐकत हुतो सगळं. तवाच म्हटलं, ह्योच शब्द ठिवायचा. सगळ्यांनी ह्योच म्हणायचा. आन आता? आता तुला समदं कळतंय, म्हणून सेट बंद."

मुकुंदला वाटतं, भुईने पोटात घ्यावं. भुई घेत नाही. पडवीच्या फरशीवर तो उभा आहे तसाच उभा राहतो, डोक्यावर फेटा आणि अंगात ढगळ गणवेश.

"मला लाज वाटते, आक्का."

"वाटू दे. चांगली हाय ती." आक्का रांगोळीच्या वाटीत बोटं झटकतात. "मी काय देव न्हवतो. माझा पन अंगठा बटणावर थरथरलाय, लई येळा. वरनं फोन आलेला असायचा, नगं म्हणून. पर लाज वाटून घ्यायला झोपायला लागतंय व्हय तुला? जागेपणी येत न्हाई?"

खूप वर्षांत त्याच्याशी असं कोणी बोललेलं नाही. सगळे 'सर, सर' करतात. त्याला ते हवंहवंसं वाटतं, आणि त्याचीही लाज वाटते, कारण दारात पाव्हणा अजून उभा आहे आणि सगुणची सून अजून मागे सरकते आहे.

"तुम्ही बसा ना पाटावर," तो कसंबसं म्हणतो. "थोडा वेळ. तुमच्यासाठी कधी पाट मांडलाच नाही आम्ही."

"मी?" आक्का वाटी कमरेला लावून उठतात. ओल्या केसांचं पाणी त्यांच्या खांद्यावर उतरलं आहे. "मी पाव्हणा न्हवं, मुकुंदा. मी घरचा."

त्या पुढे येतात. त्यांना वाट द्यायला मुकुंद एक पाऊल मागे सरतो आणि पायाखाली काहीतरी रवाळ लागतं.

"पुसलीस बघ रांगोळी," आक्का म्हणतात. "आता तूच घाल. मी निघालो."

पंखा थांबला आहे. वीज गेली असावी. खोलीत उकडतं आहे, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरच्या तड्यापर्यंत आलं आहे. मुकुंद उठतो, अनवाणीच टेबलाशी जातो आणि सेटचं गोल बटण फिरवतो. टिक. मग खरखर.

"...सर, धनवडे बोलतोय. ऐकताय काय? ओव्हर."

"पाट मांडला," मुकुंद म्हणतो. आवाज घोगरा येतो, म्हणून तो पुन्हा म्हणतो. "धनवडे, पाट मांडला. करमळवाडीच्या बागांत बायका आहेत. मी निघतोय. ओव्हर."



"सर, माफ करा. न इचारता तुमच्या हद्दीत आलोय आम्ही," धनवडे म्हणतो. "सकाळधरनं लई बोलावलं, उत्तर आलं न्हाई. मग जीप घिऊन रस्त्यानं पुढनं उतरलो. बागंतली समदी माणसं काढली. पाव्हणा आत्ताच आला, नदीत डुंबाय लागलाय. ओव्हर."

मुकुंद लगेच विचारतो, "सगुण परबची सून? ओव्हर."

"हाय की. तिच्याच पडवीत बसलोय. पाट टाकून बसवलंय आम्हाला, चहा ठिवलाय तिनं." मग धनवडे आवाज खाली आणून बोलतो. "रेंज नसंल, सर, तिकडं. व्हतंय असं. वर मी तसंच कळवतो. ओव्हर."

दार उघडं आहे. दारात सगुण चहाचा कप घेऊन उभा आहे. कधीपासून ते कळायला मार्ग नाही, पण सुनेचं नाव निघालं ते त्याने ऐकलं आहे, त्याच्या तोंडावर ते दिसतं. सकाळी त्यालाही हेच सांगायला सांगितलं होतं, रेंज नाही. आता धनवडेने न मागता तेच ताटात वाढलं आहे. नुसतं 'हो' म्हटलं की झालं, उद्याचा फेटाही जागच्या जागी राहील.

मुकुंद बटण दाबतो.

"रेंज होती, धनवडे. मी सेट बंद करून ठेवला होता. तसंच कळवा. ओव्हर."



"बरं, सर," धनवडे म्हणतो. "या तुम्ही. पाट हाय अजून एक. ओव्हर."

सगुण आत येतो, कप टेबलावर ठेवतो. तो मुकुंदकडे बघत नाही. "चाय ठेवलंय," एवढंच म्हणतो आणि वळतो.

"सगुण," मुकुंद हाक मारतो.

सगुण थांबतो. पण मागे वळून न बघता तसाच निघून जातो. स्वयंपाकघराचं मागचं दार वाजतं. तिथून करमळवाडीची पायवाट सुरू होते.

मुकुंद खाटेच्या कडेवर बसतो आणि बुटांतून मोजे काढतो. डाव्या पायात मोजा चढवतो. उजवा पाय उचलतो तेव्हा अंगठ्यापासून टाचेपर्यंत पांढरी रेघ दिसते. तो बोट लावून बघतो. बोटाला रवाळ लागतं. उद्याच्या रांगोळीची पुडी खिडकीत आहे, दुकानदाराने बांधलेल्या दोऱ्यासकट, न सोडलेली.

चहा टेबलावरच राहतो. मुकुंद चढवलेला मोजा काढून टाकतो, पायात चपला सरकवतो आणि उजवा पाय जपून टाकत सगुणच्या मागोमाग करमळवाडीच्या वाटेला लागतो.